फिलोडेंड्रॉनची निगा आणि शहराचे पाणी : बंगळुरूच्या संदर्भात

मार्च २०२४ मध्ये बंगळुरू जलपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी बागकाम, वाहने धुणे, बांधकाम आणि शोभेची कारंजी यांसाठी वापरण्यास मनाई केली. नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंडाची तरतूद आदेशात होती. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, मोसमी पाऊस अपुरा झाला होता. शहराची दैनंदिन गरज सुमारे २,६०० दशलक्ष लिटर असून सुमारे ५०० दशलक्ष लिटरची तूट आहे, तसेच सुमारे १४,००० शासकीय कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या आहेत, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्या वेळी सांगितले होते. 'उद्यान नगरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात कुंडीला पाणी घालणे हा सार्वजनिक धोरणाचा विषय झाला.

घरात वाढविल्या जाणाऱ्या शोभेच्या वेलींमध्ये फिलोडेंड्रॉन ही अतिशय लोकप्रिय वनस्पती आहे. विशेष म्हणजे, कुंडीतील फिलोडेंड्रॉन बहुधा पाण्याच्या अभावाने मरत नाही. ते अतिरिक्त पाण्याने मरते. म्हणून या वेलीची शास्त्रशुद्ध निगा आणि पाण्याची काटकसर यांत विरोध नाही. तिच्या निगेचे नियम तिच्या मूळ अधिवासातून कसे निघतात आणि ते बंगळुरूच्या हवामानाला कसे लागू करावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि पर्यावरण या तिन्ही विषयांतील संकल्पना येथे एकत्र येत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हा विषय उपयुक्त ठरावा.

ओळख व वर्गीकरण

'फिलोडेंड्रॉन' हे नाव 'प्रेम' आणि 'वृक्ष' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. झाडाला बिलगून चढणारी वेल, हा त्याचा आशय. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्रिख विल्हेल्म शॉट यांनी १८२९ मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. ॲरेसी कुलातील या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती असून त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधापर्यंत व कॅरिबियन बेटांवर नैसर्गिकरीत्या आढळतात. घरांत सर्रास दिसणारी, हृदयाकृती पानांची वेल म्हणजे फिलोडेंड्रॉन हेडरेशियम होय.

याच कुलातील अळू आणि सुरण मराठी स्वयंपाकघराला परिचित आहेत. अळूची भाजी करताना चिंच किंवा आमसूल घातले जाते, कारण अळू घशाला खाजते. ही खाज प्रामुख्याने कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते. तेच स्फटिक फिलोडेंड्रॉनच्या पानांत व खोडात असतात. ही वेल खाद्य नाही. पान चघळल्यास तोंडाची आग होते व सूज येते. म्हणून लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुंडी ठेवावी. कोणी पान चघळलेच, तर तोंड पाण्याने स्वच्छ धुवावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फिलोडेंड्रॉन आणि 'मनी प्लांट' यांत अनेकदा गल्लत होते. मनी प्लांट, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, याच कुलातील असली तरी तिची प्रजाती वेगळी आहे. ती मूळची प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाची आहे. तिचे पान जाड व चकचकीत असते आणि नवे पान आधीच्या पानाच्या देठातील आवरणातून बाहेर येते. फिलोडेंड्रॉनचे नवे पान मात्र स्वतंत्र पातळ वेष्टनात गुंडाळलेले असते. पान उलगडल्यावर ते वेष्टन वाळून गळते. दोन्ही वेलींची निगा बरीचशी सारखी आहे.

मूळ अधिवास : निगेचा पाया

उष्ण कटिबंधीय वर्षावनाच्या तळाशी पोहोचणारा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. तेथे उगवलेल्या वेलीला जगण्यासाठी वर चढावे लागते. मॉन्स्टेरा या फिलोडेंड्रॉनच्या कुलबंधूचे कोवळे रोप सुरुवातीला प्रकाशाकडे न जाता सर्वांत गडद सावलीच्या दिशेने, म्हणजे मोठ्या वृक्षाच्या बुंध्याकडे सरकते, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. या वर्तनाला तमोनुवर्तन म्हणता येईल. बुंधा सापडल्यावर वेल दिशा बदलते व प्रकाशाकडे चढू लागते.

अशा आरोही वेलींना दोन प्रकारची वायवी मुळे फुटतात. आखूड मुळे खोडाची साल घट्ट धरतात, तर लांब मुळे खाली जमिनीपर्यंत उतरून पाणी व क्षार घेतात. सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा हे त्यांचे पोषण. तेथे पाऊस वारंवार पडतो, पण पाणी साचून राहत नाही. मुळांना ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात.

यातून निगेची चार सूत्रे निघतात : प्रखर ऊन नको पण भरपूर विसरित प्रकाश हवा, माती ओलसर पण हवेशीर हवी, हवेत आर्द्रता हवी, आणि चढण्यास आधार हवा.

बंगळुरूचे हवामान : अनुकूलता आणि उणिवा

बंगळुरू दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, १३ अंश उत्तर अक्षांशाजवळ वसले आहे. उंचीमुळे तापमान सौम्य राहते. जानेवारीत किमान सरासरी १५-१६ अंश, तर एप्रिलमध्ये कमाल सरासरी ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. फिलोडेंड्रॉनला १८ ते ३० अंश तापमान मानवते. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ येथे तिला कृत्रिम उष्णतेची वा थंडाव्याची गरज भासत नाही.

या अनुकूलतेचा लाभ शहराने फार पूर्वीपासून घेतला आहे. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची सुरुवात केली. १८५६ मध्ये तिला शासकीय वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तेथील प्रसिद्ध काचगृहाची कोनशिला १८८९ मध्ये बसविण्यात आली. जॉन कॅमेरॉन, जी. एच. क्रुम्बिगेल आणि एम. एच. मरीगौडा यांच्यासारख्या उद्यानतज्ज्ञांच्या कारकिर्दीत परदेशी वनस्पती आणून येथे रुजविण्याची परंपरा दृढ झाली. फळे, भाज्या व फुले यांवर संशोधन करणारी भारतीय बागायती संशोधन संस्था १९६७ पासून शहराजवळील हेसरघट्टा येथे कार्यरत आहे.

तथापि, वर्षावन आणि बंगळुरूची सदनिका यांत तीन महत्त्वाचे फरक आहेत. पहिला, फेब्रुवारी ते एप्रिलमधील कोरडी हवा. या काळात दुपारची सापेक्ष आर्द्रता बरीच खाली येते. दुसरा, कूपनलिकेचे कठीण पाणी. तिसरा, घरातील अपुरा प्रकाश. निगेचे बहुतेक प्रश्न या तीन कारणांतून उद्भवतात.

प्रकाश : खिडकीची दिशा

भर दुपारी उघड्यावरील प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. खिडकीलगत ती काही हजार लक्स, तर खोलीच्या आतील कोपऱ्यात शे-दोनशे लक्सपर्यंत उतरते. आपले डोळे कमी प्रकाशाला जुळवून घेत असल्याने हा फरक आपल्याला जाणवत नाही. पण प्रकाशसंश्लेषणात तो स्पष्ट दिसतो. कमी प्रकाशात दोन पानांमधील कांडे लांबत जाते, पाने लहान येतात आणि वेल निस्तेज होते.

पूर्वेकडील खिडकी या वेलीस उत्तम, कारण सकाळचे ऊन सौम्य असते. पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा लावावा. उत्तर व दक्षिण दिशांबाबत मात्र बंगळुरूच्या अक्षांशाचा विचार करावा लागतो. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास येथे सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो; हेच शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. त्यामुळे एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये थेट ऊन येऊ शकते. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत शिरते. कुंडीची जागा ऋतूनुसार बदलावी लागते, ती यामुळे.

पाणी : किती आणि केव्हा

अतिरिक्त पाण्याने वेल का मरते? मातीतील कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि मुळे श्वसनासाठी त्या हवेतील प्राणवायू घेतात. सतत पाणी घातल्यास पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायूचे प्रसरण हवेच्या तुलनेत अत्यंत मंद होते. मुळे गुदमरतात, पिथियम व फायटोफ्थोरा यांसारख्या रोगकारकांना वाव मिळतो आणि मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. पाने मलूल झालेली पाहून घरातील मंडळी आणखी पाणी घालतात. अशा प्रकारे उपचारच रोग वाढवितो.

यावरील उपाय सोपा आहे. पाणी दिनदर्शिकेनुसार न घालता मातीच्या परीक्षेनुसार घालावे. बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोल घालून पाहावे. तेवढा थर कोरडा असेल तरच पाणी घालावे आणि ते तळाच्या छिद्रातून थोडे बाहेर येईपर्यंत घालावे. बंगळुरूत उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी, तर पावसाळ्यात व डिसेंबर-जानेवारीत आठवड्याने किंवा त्याहून उशिरा पाणी लागते. थंड हवेत बाष्पोत्सर्जन मंदावते, हे त्याचे कारण.

एक साधे गणित करून पाहू. एका घरात १० कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीला एका वेळी अर्धा लिटर पाणी घातले जाते. रोज पाणी घातल्यास महिन्याला १५० लिटर लागतात. दर चार दिवसांनी घातल्यास महिन्यात आठ पाळ्या होतात आणि ४० लिटर पुरतात. बचत ११० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाणक दरडोई दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे एका व्यक्तीच्या जवळजवळ एका दिवसाच्या पाण्याइतकी ही बचत आहे. एक लाख घरांनी असे केले, तर दिवसाला सुमारे ३.७ लाख लिटर वाचतील. २,६०० दशलक्ष लिटरच्या गरजेपुढे हा आकडा लहान आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शहराचा पाणीप्रश्न कुंड्यांनी निर्माण केलेला नाही आणि कुंड्यांनी तो सुटणारही नाही. गळती रोखणे, तलावांचे पुनरुज्जीवन, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि पर्जन्यजलसंचय हेच त्याचे मुख्य उपाय आहेत. तथापि, कावेरीचे जे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि सुमारे ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते, ते झाडाची मुळे कुजविण्यासाठी खर्च होणे हा दुहेरी अपव्यय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी प्रत्येक लिटरमागील विजेचा खर्च टळलेला नाही.

कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील क्षार कुंडीत साठतात. मातीवर पांढरा थर दिसतो व पानांची टोके करपतात. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर आणखी क्षारयुक्त असते, म्हणून ते या वेलीला घालू नये. पावसाचे पाणी सर्वांत योग्य. बंगळुरूत २००९ पासून ठरावीक क्षेत्रफळावरील इमारतींना पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे. त्या साठ्यातील थोडे पाणी कुंड्यांना पुरेसे होते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही अधूनमधून वापरता येते.

माती, आधार व खत

बंगळुरूची तांबडी माती ओली असताना चिकट व वाळल्यावर घट्ट होते. केवळ तिच्यात वेल लावू नये. दोन भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, असे मिश्रण हवेशीर राहते. कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे.

आधारासाठी काठीला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून ती कुंडीत रोवावी. वायवी मुळे काथ्याला धरतात. आधार मिळालेल्या वेलीची पाने क्रमाने मोठी होत जातात. लोंबत ठेवलेल्या वेलीची पाने लहान राहतात. जंगलातील वृक्षांवरून खरवडून आणलेले शेवाळ यासाठी विकत घेऊ नये, कारण त्यावर तेथील अनेक सूक्ष्मजीव व अपिवनस्पती अवलंबून असतात.

वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, एका लिटर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ विद्राव्य खत पुरे. जुनी पाने खालून पिवळी पडू लागली आणि मुळे निरोगी असतील, तर नत्राची कमतरता संभवते. थंडीत खत देऊ नये.

अभिवृद्धी सोपी आहे. पेराच्या खाली कापलेले, एक-दोन पाने असलेले खोड ओलसर मिश्रणात खोचल्यास काही आठवड्यांत मुळे फुटतात. पेराविना नुसत्या पानाला मुळे फुटली तरी नवी वेल तयार होत नाही, कारण कोंब पेरापाशीच असतो. ही शाकीय अभिवृद्धी असल्याने नवी रोपे जनुकीयदृष्ट्या मातृवेलीसारखीच असतात.

कीड, डास आणि संगरोध

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि कोळी या फिलोडेंड्रॉनवरील मुख्य किडी होत. ओल्या कापडाने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे हा पहिला उपाय. प्रादुर्भाव वाढल्यास एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. नवे रोप आणल्यावर दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. हा घरगुती संगरोधच होय.

त्याचे महत्त्व राष्ट्रीय पातळीवर एका उदाहरणाने स्पष्ट होते. पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मध्य अमेरिकेतील कीड २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली आणि पपई, तुती, टॅपिओका यांसह अनेक वनस्पतींवर पसरली. २०१० मध्ये बंगळुरूतील तत्कालीन राष्ट्रीय कृषी उपयुक्त कीटक ब्यूरोने ॲसेरोफॅगस पपई हा परोपजीवी कीटक पोर्टो रिकोहून आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. जैविक नियंत्रणाचे हे भारतातील ठळक यश मानले जाते. परदेशी रोपांच्या आयातीवर १९१४ च्या विनाशक कीटक व कीड अधिनियमान्वये काढलेल्या वनस्पती संगरोध आदेश, २००३ चे नियंत्रण आहे. आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक असते. दुर्मीळ जातीच्या मोहाने चोरट्या मार्गाने आलेली रोपे घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कुंडीखालच्या ताटलीत किंवा पाण्याच्या बाटलीत वाढविलेल्या वेलीभोवती साचलेले पाणी हे एडिस डासाचे प्रजननस्थान ठरते. अनुकूल तापमानात अंड्यापासून प्रौढ डास होण्यास साधारण एक आठवडा ते दहा दिवस पुरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आणि डासोत्पत्तीस वाव देणाऱ्यांवर दंडाची तरतूद केली. म्हणून ताटलीतील पाणी लगेच ओतून टाकावे व बाटली आठवड्यातून किमान एकदा घासून पाणी बदलावे. आर्द्रतेसाठी पाण्याने भरलेली ताटली ठेवण्याऐवजी कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात. त्यांच्या बाष्पोत्सर्जनाने भोवतालची हवा थोडी दमट राहते.

हवा शुद्ध होते काय?

घरातील रोपे हवा शुद्ध करतात, या समजाचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी १९८९ मध्ये झालेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांत केले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्विश्लेषणानुसार, इमारतीत वायुवीजनाने जेवढे बाष्पनशील प्रदूषक दूर होतात, तेवढे रोपांनी दूर करण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १,००० रोपे लागतील. म्हणजे खिडकी उघडणे अधिक परिणामकारक. प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष परिस्थितीला लावताना परिमाणाचा विचार आवश्यक असतो, हा यातील धडा आहे.

समारोप

हीच सूत्रे अन्यत्र वापरताना स्थानिक हवामान पाहावे. मुंबईत आर्द्रता पुरेशी असते, पण पावसाळ्यात माती वाळत नाही. तेथे पाणी आणखी कमी लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जात असल्याने वेल खिडकीपासून दूर, सावलीत हलवावी लागते. नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागील कारण समजून घेणे उपयुक्त ठरते ते यामुळेच. जी वेल जशी जगत आली, तिला तसेच वाढू देणे म्हणजे निगा. फिलोडेंड्रॉनच्या बाबतीत त्याचा अर्थ कमी पाणी आणि अधिक निरीक्षण असा होतो. पाण्याची चणचण असलेल्या शहरात वेलीचे हित व नागरिकाचे कर्तव्य यांचा असा मेळ बसतो.

सरावासाठी प्रश्न

१. अतिरिक्त पाण्यामुळेही वनस्पतीची पाने मलूल का होतात, ते स्पष्ट करा.
२. बंगळुरूत उत्तरेकडील खिडकीतून कोणत्या काळात माध्यान्हीचे ऊन येऊ शकते? अक्षांशाच्या आधारे उत्तर द्या.
३. जैविक नियंत्रण म्हणजे काय? पपईवरील पिठ्या ढेकूण किडीचे उदाहरण देऊन वनस्पती संगरोधाचे महत्त्व विशद करा.
४. 'शहरी पाणीटंचाईवर घरगुती काटकसर हा आवश्यक, पण अपुरा उपाय आहे.' बंगळुरूच्या अनुभवाच्या आधारे चर्चा करा.